रोडकी की जाडी

"बोला दिगंबरराव, कुठली मनात भरली?" आप्पांनी विचारलं.

देवगडच्या धक्क्यावर आम्ही उभे होतो आणि खाली पाण्यात दोन होड्या दोरांनी बांधलेल्या होत्या. एक लांबट, पांढरी, पुढे निमुळती होत गेलेली, मागच्या अंगाला मोठं काळं इंजिन लटकवलेलं. दुसरी निळी, चांगली ऐसपैस, मध्ये एक छोटी खोली, खोलीला पडदे लावलेल्या खिडक्या आणि वर छप्पर. सासूबाईंनी आदल्या संध्याकाळीच दोघींचं बारसं उरकून टाकलं होतं. पांढरी ती रोडकी आणि निळी ती जाडी.

"दोन्ही छान आहेत," मी म्हणालो. मी धक्क्याच्या कडेपासून बराच मागे उभा होतो. तिथून समुद्राचं कौतुक करायला काही अडचण नव्हती.

"दोन्ही छान म्हणून कसं चालेल? घ्यायची एकच आहे, आणि तुम्ही बोट दाखवाल ती घ्यायची. पाण्यातलं तुमच्याएवढं कळणारा आमच्यात दुसरा आहे कोण?"

शेजारी माझी बायको चारुता उभी होती. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि खोकला आल्यासारखं केलं.

ही सगळी करणी माझ्या मामाची. मी बार्शीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकरबरोबर येणारी आणि टँकरबरोबर जाणारी वस्तू. लग्नाच्या बैठकीत आप्पांनी सहज विचारलं, मुलगा काय करतो? मामाला वाटलं, समोरची माणसं समुद्रकाठची, त्यांना शोभेल असं काहीतरी बोलावं. तो म्हणाला, "पाटबंधारे खात्यात आहे. पोराचं सगळं आयुष्य पाण्यात. पाणी दिसलं की घरदार विसरतो." ज्या कालव्यावर मी नोकरी करत होतो त्यात पाणी वर्षातून दोनदा सुटायचं, तेही सुटलं तर. एरवी मी त्यात बूट घालून हिंडायचो आणि फीत धरून भराव मोजायचो. पोहणं तर सोडाच, विहिरीच्या तिसऱ्या पायरीखाली मी कधी उतरलो नव्हतो.

आणि पाण्याचं एक वेळ राहू दे. जे जे म्हणून हलतं ते ते मला लागतं. बस लागते, जीप लागते, चुलत्यांची बैलगाडी लागायची, जत्रेतला पाळणा लागला आणि एकदा तर एका लग्नघरचा झोपाळासुद्धा लागला. या सगळ्यात फोंडा घाट वस्ताद. बार्शीहून सासुरवाडीला जायचं तर दिवसभराच्या हादऱ्यांनंतर शेवटी तो घाट येतो, आणि घाट उतरून खाली येईपर्यंत माझ्या पोटात सकाळचं पाणीसुद्धा शिल्लक राहत नाही. त्यामुळे लग्नानंतर मी सुट्टीची, कामाची, साहेबांची अशी एकेक सबब पुढे करत गेलो. तीन वर्षांत चारुता माहेरी गेली ती दोनदा, आणि त्यातही एकदा मी पोट धरून दुसऱ्याच दिवशी तिला परत घेऊन आलो. तिनं कधी तक्रार केली नाही. आईचा फोन आला की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलायची, मग थोडा वेळ फोन हातातच धरून असायची, आणि मग कुकर लावायची. ते मला दिसत होतं. दिसून न दिसल्यासारखं करणं नवरे लोकांना उपजतच येतं.

या खेपेला मात्र आप्पांचा स्वतःहून फोन आला. "होडी घ्यायची म्हणतो. कुटुंबाला फिरायला. तुम्ही आल्याशिवाय ठरवत नाही." निघायच्या आदल्या दिवशी चारुतानं पिशवी भरता भरता मला बजावलं.

"या वेळी आठ दिवस राहायचं. मध्येच पोट धरून निघायचं नाही. आणि आप्पांसमोर ओकायचं नाही."

"ते काय माझ्या हातात आहे?"

"तोंड तर तुमचंच आहे ना?"

"त्यापेक्षा सरळ सांगून टाकू का त्यांना?"

ती पिशवीची चेन लावत थांबली. "आप्पांनी अख्ख्या बंदरात सांगून ठेवलंय, आमचे जावई पाण्यातले म्हणून. आता तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं की नाही सांगायचं. जावयानं सासऱ्याच्या बंदरात ओकारी काढली तर ती हकिकत दोन पिढ्यांना पुरते. शिवाय आप्पांचं बंदरात मोठं वजन. त्यांचा बर्फाचा कारखाना धक्क्याला लागूनच होता आणि तिथला बर्फ भरल्याशिवाय एकही ट्रॉलर समुद्रात जात नसे. स्वतः आप्पा मात्र कधी कुठल्या होडीत चढलेले कुणी पाहिले नव्हते. त्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं.

"आमच्या हिला पाण्याची भारी भीती," ते म्हणाले होते. "मग एकट्यानं काय जायचं? राहिलं ते राहिलंच."

"होय ओ," सासूबाई आतून म्हणाल्या होत्या. "माका पाणी बघला की पाय लटपटतत." आणि त्यांनी नारळ खवणं पुढे चालू ठेवलं होतं.

मग अशा घरात होडी कशाला, हा प्रश्न मला पडला होता, तसा बंदरातल्या प्रत्येकाला पडला होता. मासे धरायचे नाहीत, रेती भरायची नाही, माणसं पलीकडे न्यायची नाहीत, नुसतं जायचं आणि यायचं? नुसतं जाऊन यायला समुद्रात कोण जातं? पण बर्फवाल्याला हसणार कसं, म्हणून सगळे गप्प होते आणि आज सकाळी काही ना काही निमित्त काढून धक्क्यावर जमले होते.

त्या दिवशी सकाळपासूनच माझं काही खरं नव्हतं. कोकणातली सासू म्हटली की जावयाच्या पानात घावणे पडत राहायचे आणि जावयानं नको नको म्हणत राहायचं, ही रीत. आप्पांच्या पानात घावण्यांची चळत होती, वाटीत नारळाचा गोड रस होता. माझ्यापुढे सासूबाईंनी दोन कोरडे बटर आणि कोरा चहा ठेवला.

"सकाळच्या पारी पोट हलक्याच बरा," त्या म्हणाल्या आणि माझ्या तळहातावर आल्याचा एक तुकडा ठेवला. "ह्यो चघळीत रवा."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? तिसऱ्याच वर्षी जावयाचा मान बटरावर आला, असं मनात म्हणत मी ते बटर चहात बुडवून खाल्ले. पण तुकडा मात्र गालात ठेवला, कारण नाही म्हणायची सोय नव्हती.

होड्या विकायला आणणारा लोबो नावाचा गृहस्थ होता. काळा चष्मा, गळ्यात क्रॉस, बोलायला तरतरीत. "सर, पहिली रोडकी बघून घ्या," तो मला म्हणाला. त्यानंसुद्धा सासूबाईंनी ठेवलेली नावं उचलली होती. "तीन माणसं आरामात. पाण्याला लागतच नाही, वरच्या वर जाते."

"चला की," आप्पा म्हणाले. "चारू, तू जा ह्यांच्याबरोबर. मी इथं दोर बघतो. एकानं धक्क्यावर राहायला हवं."

आता जावयाला बसवायचं कुठं? अर्थातच मानाच्या जागी, सगळ्यात पुढे. होडीत पुढची जागाच सगळ्यात जास्त आपटते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. लोबोनं माझ्या अंगात केशरी जाकीट चढवलं, पट्टे आवळले आणि इंजिन सुरू केलं. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. धक्का मागे गेला, होडीनं नाक वर केलं आणि मग ती पाण्यावर आपटायला लागली. धप, धप, धप. प्रत्येक धपला माझे दात एकमेकांवर बसत होते. मी दोन्ही हातांनी दांडी धरली, डोळे गच्च मिटले, आल्याचा तुकडा दाढेखाली दाबला आणि बार्शीच्या भगवंताचं नाव घेतलं.

"कसं वाटतंय?" चारुतानं मागून ओरडून विचारलं.

तोंड उघडलं तर काय होईल याची खात्री नव्हती, म्हणून मी एक हात सोडून वर केला आणि हलवला. तो धक्क्यावरून दिसला.

परत आल्यावर मी दोन्ही पायांवर उभा राहिलो, एवढीच माझी कमाई. पण लोबोनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सर जबरदस्त! पुढं बसून डोळे मिटून मजा घेत होते. हात सोडून! असं गिऱ्हाईक मी बघितलं नाही." धक्क्यावरचे दोघं-तिघं माझ्याकडे आदरानं बघायला लागले. आप्पांची छाती फुगली.

"छान आहे," मी ओठ न हलवता म्हणालो.

"आता जाडी बघा, सर. ही हळू जाते, सावली आहे, खोली आहे. पण ही खरी बघायची तर अख्खं कुटुंब बसवूनच. वजन पडल्याशिवाय हिचं कळणार नाही."

आप्पा लगेच म्हणाले, "ह्यांचं मत झालं की झालं. आम्ही कशाला?"

आणि इथं माझ्या डोक्यात एक कल्पना आली. एकट्यानंच मरायचं कशाला? चार माणसं असली की जावयाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, ही एक आशा. दुसरं म्हणजे बटरांचा राग अजून पोटात होता. मी अदबीनं म्हणालो, "छे छे, आप्पा. होडी कुटुंबासाठी घ्यायची आणि कुटुंबप्रमुख धक्क्यावर? तुम्ही बसल्याशिवाय मी मत देणार नाही."

जावयाचा शब्द, तोही चारचौघांत. आप्पांनी धोतराचा सोगा उगाच सारखा केला.

"मी आलो असतो हो. पण ही एकटी राहील. हिला भीती वाटते."

"येतंय मी," सासूबाई म्हणाल्या.

आप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "तू?"

"होय. आज येतंय." आणि आप्पांचं उत्तर यायच्या आत त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, पाण्याला वाकून नमस्कार केला, लुगड्याचा घोळ वर खोचला आणि लोबोचा हात न धरता जाडीत उतरल्या. पाय लटपटताना मला तरी दिसले नाहीत.

आप्पांपुढे आता काही सबब उरली नाही. ते उतरले. त्यांचा चेहरा धक्क्यावरच बदलला होता, पण मला वाटलं, बायकोच्या काळजीनं.

जाडी निघाली ती धुराचा एक लोट सोडून. आपटणं बिपटणं नाही, डुलत डुलत. मला वाटलं, निभावलं. पण रोडकी आपटते ते परवडलं. जाडी या अंगावरून त्या अंगावर कलायची, कललेल्या जागी जरा विचार करायची आणि मग सावकाश परत यायची. वरून डिझेलचा वास. खाडीचं तोंड मागे पडलं, मोकळ्या समुद्राच्या लाटा खालून यायला लागल्या, आणि दाढेखालच्या आल्यानं हात टेकले.

मी उठलो. पुढे बायका बसल्या होत्या, म्हणून मागे गेलो. खोलीच्या आडोशाला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात कठडा होता. तिथं आधीच कुणीतरी वाकलेलं होतं.

"आप्पा?"

त्यांची टोपी काखेत होती आणि सकाळचे सगळे घावणे समुद्राला पोचत होते. मी काही बोलणार तोच माझीही वेळ झाली. मग आम्ही सासरे-जावई शेजारी शेजारी, एकाच कठड्याला धरून, आळीपाळीनं वाकत राहिलो.

"मेलंय," शेवटी आप्पा म्हणाले. माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलणारे आप्पा मालवणीवर आले होते. "दिगंबरराव, मेलंय मी."

"तुम्हाला बोट लागते?"

"ल्हानपणापासून. बापाशीन एकदा ट्रॉलरावर घातल्यान, तिसऱ्या दिसा उतरवल्यान. म्हणान तर बर्फाचो कारखानो काडलंय. धंदो समुद्राचो, पण पाय जमनीर." त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "पण तुमका काय झाला? तुमी तर पाण्यातले."

"मला सगळंच लागतं, आप्पा. बस, जीप, झोपाळा. ते पाण्यातलं वगैरे सगळं मामाचं सांगणं. मी कोरड्या कालव्यावर असतो."

एक लाट आली, आम्ही दोघं वाकलो, परत सरळ झालो.

"मग ही होडी कशाला घेताय?" मी विचारलं. "तुम्हाला लागते, आईंना भीती वाटते. घेताय कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"चारू येणा नाय ओ." आप्पांचा आवाज बारीक झाला. "तिका घाट लागता. लग्नाआधी कधी लागलो नाय, लग्नानंतर काय झाला काय म्हायत. फोनवर म्हणता, आप्पा, घाटात माजे हाल होतत, ह्यांका किती तरास देव? आता पोरीक कशी आणूची? म्हटला, जावयांका पाण्याचो नाद आसा. हय होडी ठेवली तर त्याच ओढीन येतले, आणि तिका घेवन येतले."

मी कठडा धरून उभा राहिलो. चारुताला घाट लागतो? ही बाई घाटात बस वळत असताना वाटाण्याच्या शेंगा सोलत बसते. मी पिशवीत तोंड घालून असतो तेव्हा ती एका हातानं माझी पाठ चोळते आणि दुसऱ्या हातानं शेंगा खाते. आणि तीन वर्षं ती आईबापाला सांगत होती की तिला त्रास होतो. माझी लाज तिनं स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. मला तिथं, त्या हलत्या कठड्यापाशी, रडायला आलं. पोटात काही नसलं की रडू लवकर येतं, हेही खरं.

"आप्पा, तिला नाही लागत घाट," मी म्हणालो. "मला लागतो."

तेवढ्यात खोलीच्या बाजूनं सासूबाई आल्या. डुलत्या होडीत त्या अशा चालत आल्या, जशा माजघरातून पडवीत येतात. मागोमाग चारुता. सासूबाईंनी कनवटीला हात घातला आणि आल्याचे दोन तुकडे काढले. एक आप्पांना दिला, एक मला.

"सकाळी तुमका म्हणानच बटर दिलंय," त्या मला म्हणाल्या. "ह्यांका सांगूची सोय नव्हती. घावणे रसात बुडवन खाय होते, खाऊ दिलंय."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "माझं?"

"चारूक घाट लागता, ह्या ऐकलंय तेवाच कळला. मी तिची आवस मा?"

"आई!" चारुता म्हणाली.

"काय आई? तू माज्याच घरात शिकलंस." सासूबाई खोलीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "ह्यांका बोट लागता, ह्या माका लग्नाच्या म्हयन्यातच कळला. पलीकडल्या देवीक जावक निगालेले, धक्क्यार होडी बगून ह्यांका घाम. चार माणसा बगी होती. मी म्हटलंय, माका भीती वाटता, मी नाय येवचंय. ह्यांच्या जिवात जीव इलो! मग तोच रिवाज झालो."

आप्पा आल्याचा तुकडा हातात तसाच धरून होते. "म्हणजे तुका पाण्याची भीती..."

"कसली भीती? माजो बापूस होडी वल्हवी. मी शाळेत होडयेन जाय."

मागे इंजिन धडधडत होतं. लोबो सुकाणूपाशी शीळ घालत होता. आप्पांनी बायकोकडे बघितलं, मग खाली पाण्याकडे बघितलं, आणि पाण्याकडे बघितल्यामुळे त्यांना परत वाकावं लागलं. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांची पाठ चोळायला लागल्या. माझ्या पाठीवर चारुताचा हात आला. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मग दोघांना लागणार हे कळूनसुद्धा तुम्ही आप्पांना होडी घेऊ कशी देत होता, आई?" मी कसंबसं विचारलं.

सासूबाईंनी जरा खाली मान घातली. "म्हटलंय, कोणाच्याय निमतान होडी तरी येतली."

धक्क्याला लागल्यावर आम्ही दोघं आधी उतरलो, म्हणजे आम्हाला उतरवलं. धक्क्यावरचे लोक आमच्या रंगाकडे बघत होते. लोबो घाबरला होता. गिऱ्हाईक हातचं गेलं असं त्याला वाटलं असावं.

"मग सर, काय ठरलं?" त्यानं मला विचारलं.

"मला विचारू नका," मी म्हणालो.

आप्पा एका खांबाला टेकून उभे होते. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत हाक मारली, "गो, हय ये. तुका खंयची होयी?"

सासूबाई चपला पायात सरकवत होत्या. त्या थांबल्या. "माका इचारतास?"

"तुकाच."

सासूबाईंनी आधी जाडीकडे बघितलं. मला वाटलं, सावली आहे, खोली आहे, वयाचं माणूस, त्या जाडीच घेणार. त्यांनी लोबोला विचारलं, "ती रोडकी ह्येच्यापेक्षा जोरात जाता मा?"

"तिप्पट, आई."

"मग ती."

"अगो, पण जाडीत सगळी मावतत," आप्पा म्हणाले.

"म्हणानच नको," सासूबाई म्हणाल्या. "सगळी मावली की मी बसान कोणाची तरी पाठ चोळतलंय. रोडकीत तुमी दोगव पाय घालूचास नाय. मी आणि चारू जातलंव."

आणि लगेच, दुपारच्या जेवणाचं नाव न काढता, त्या निघाल्यासुद्धा. केशरी जाकीट लुगड्यावर चढवलं आणि पुढच्या मानाच्या जागेवर बसल्या. चारुता शेजारी. लोबोनं विचारलं, "हळू घेऊ ना, आई?" त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण रोडकीनं नाक वर केलं आणि ती धपाधप आपटत खाडीच्या तोंडाकडे गेली. सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर उडाला. त्यांनी तो सावरला नाही.

मी आणि आप्पा बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर बसलो. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. ओकून जे येतं ते वेगळं आणि हे वेगळं, मला दोन्ही ओळखता येतात.

"एवढी वर्षं माझ्यासाठी धक्क्यावर थांबली ही," ते म्हणाले. "एकदा पण बोलली नाही."

"आप्पा, मी दर दोन महिन्यांनी चारुताला घेऊन येईन."

"आणि घाट?"

"ओकत येईन."

"ओका हो," आप्पा म्हणाले. "त्यात कसली लाज?" आणि आम्ही दोघंही हसलो, पोट दुखत होतं तरी.

आठ दिवस आम्ही राहिलो. चारुता रोज आईबरोबर समुद्रात जायची आणि खारट केस घेऊन परत यायची. निघायच्या दिवशी सकाळी मी स्वतःहून बटर मागून घेतले.

घाटाच्या पायथ्याला गाडी थांबली तेव्हा कंडक्टर हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन मधल्या वाटेनं आला. "घाट सुरू होतोय. कुणाला त्रास होतोय का?" त्यानं आमच्याकडे बघितलं आणि पिशवी चारुतापुढे धरली. "ताई, घ्या." चारुतानं सवयीनं हात पुढे केला. दरवेळी तीच हात पुढे करायची, सगळ्या बससमोर, आणि पहिलं वळण आलं की पिशवी गुपचूप माझ्या मांडीवर यायची. इतके घाट ओलांडले, पण ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"इकडे द्या," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच. "त्यांना काही होत नाही. मला लागतं."

मागच्या बाकावरचे दोघं हसले. "मग साहेब, तुम्ही खिडकीशी बसा," कंडक्टर म्हणाला.

चारुतानं उठून मला खिडकीची जागा दिली. बस वळायला लागली. तिनं आईनं दिलेली खाज्याची पुडी सोडली, एक खाजं दाताखाली मोडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला नको ना?" मी पिशवीतूनच मान हलवली. घाट संपेपर्यंत तिनं अख्खी पुडी एकटीनं संपवली.